नाटकातला नवरा, नाटकातली नवरी

तुळशीचं लग्न पार पडलं, की आपल्या सोलापूर जिल्ह्यात गावोगाव सोयरिकींची बोलणी सुरू होतात. मुलीकडची मंडळी विचारतात, रान किती, विहिरीला पाणी किती, मुलगा नोकरीला आहे काय? मुलाकडची मंडळी विचारतात, मुलगी रंगानं कशी, शिकली किती, कामाला कशी? ही यादी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आज या यादीविषयीच चार शब्द बोलायचे आहेत. मात्र ते पंचांग उघडून नव्हे, तर जुन्या मराठी नाटकांची पानं उलटून. मनाजोगता जोडीदार म्हणजे कसा, या प्रश्नावर आपल्या नाटककारांनी लोकांना पोटभर हसवलं आहे आणि हसवता हसवता चिमटाही काढला आहे.

पहिलं नाटक घेऊ अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’. हे १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, पण घर अगदी तुमच्याआमच्यासारखं. थोरला भाऊ बलराम. त्यानं ठरवलं, सुभद्रा दुर्योधनाला द्यायची. दुर्योधन त्याचा शिष्य, राजघराण्यातला; स्थळाला नाव ठेवायला जागा नाही. सुभद्रेचं मन मात्र अर्जुनावर जडलेलं. तिला कुणी विचारलं का? नाही. पुढं अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन येतो. बलराम त्या भगव्या वस्त्राला असा भुलतो, की आपण होऊन बहिणीला त्याच्या सेवेला ठेवतो! प्रेक्षक खो खो हसतात. पण हसू कशाचं येतं, ते पाहा. माणूस पारखण्याचा ज्याला एवढा अभिमान, त्याला समोर बसलेला माणूस ओळखता आला नाही. त्यानं कपडा पाहिला, माणूस पाहिलाच नाही.

दुसरं नाटक गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’. याची मूळ कल्पना फ्रान्सच्या मोलियेर नावाच्या नाटककाराची, १६६० सालच्या एका प्रहसनातली. तिथून ती इंग्रजीत गेली आणि इंग्रजीतून देवलांनी ती मराठीत आणली. त्यांनी आधी १८९३ साली हे नाटक गद्यात लिहिलं; पुढं पदं घालून ते १९१६ साली रंगभूमीवर आलं. पण मराठी घरात ते असं मुरलं, की हे पाहुणं परदेशातून आलं, असं कुणाला वाटतही नाही.

यातल्या फाल्गुनरावाची बायकोकडून अपेक्षा एकच, तिनं संशयाला जागा देऊ नये. आणि कृत्तिकेची नवऱ्याकडून अपेक्षाही तीच! रस्त्यात रेवती नावाची तरुणी घेरी येऊन पडते. फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर तिथं पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, ते फाल्गुनराव पाहतो. झालं! एका तसबिरीनं दोन घरांत वणवा पेटतो. अश्विनशेट तर नायकिणीच्या पोटच्या मुलीशी लग्न करायला निघालेला माणूस. कुळाची अट त्यानं मोडली, लोक काय म्हणतील याची पर्वा केली नाही. पण आपण दिलेली तसबीर दुसऱ्याच्या हाती दिसताच तोही रेवतीवर डोळे वटारतो. म्हणजे यादी लहान केली, तरी एक गोष्ट राहूनच गेली होती. ती म्हणजे विश्वास. सोयरिकीच्या बैठकीत तो मागता येत नाही आणि देताही येत नाही. तो रोज थोडा थोडा साठवावा लागतो, बी-बियाण्यासारखा.

आता एक गंमत सांगतो. सौभद्रातली पहिली सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर, आणि रेवतीच्या भूमिकेत गाजले ते बालगंधर्व. दोघेही पुरुष. आदर्श स्त्री कशी असावी, हे लिहिलं पुरुषांनी आणि रंगवलंही पुरुषांनी. बालगंधर्वांसारखं लुगडं नेसावं, त्यांच्यासारखी वेणी घालावी, अशी त्या काळच्या घरंदाज बायकांची हौस होती. कला म्हणून ती थोर, यात शंका नाही. पण यादीसुद्धा आपली नव्हे, दुसऱ्याची, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. आज सिनेमातला नट नि नटी पाहून आपली मुलं यादी करतात, तेव्हा निराळं काय घडतं?

आणि आता देवलांचं तिसरं नाटक, १८९९ सालचं ‘संगीत शारदा’. इथं हसू येतं आणि घशात अडकतं. म्हातारा भुजंगनाथ पैशाच्या जोरावर कोवळी मुलगी मागतो. मुलीचा बाप कांचनभट, त्याची नजर पैशावर. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित, त्याची नजर दलालीवर. प्रत्येकाची यादी तयार आहे. शारदेची यादी विचारणारा एकही नाही. अखेर लग्न मोडतं, ते कशानं? वर नि वधूचा बाप एकाच गोत्राचे निघतात म्हणून! कोदंड हे भर मांडवात उघड करतो, तेव्हा लग्न थांबतं. श्रोतेहो, या ठिकाणी जरा थांबा. मांडवानं गोत्राचं ऐकलं, पोरीच्या रडण्याचं ऐकलं नाही. गोत्र निराळं असतं, तर काय झालं असतं?

पुष्कळांना वाटतं, ‘शारदा कायदा’ हे नाव या नाटकावरून पडलं. तसं नाही. ते अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावावरून आलं. १९२९ सालच्या त्या कायद्यानं मुलीचं वय चौदा नि मुलाचं अठरा ठरवलं. १९७८ साली ते अठरा आणि एकवीस झालं. २००६ सालच्या कायद्यानंही तेच कायम ठेवलं.

कायदा झाला, पण भुजंगनाथ वेष पालटून येतो. ऊसतोडीच्या टोळीत नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. जोडी असली, तर उचल पुरी मिळते. मग काही घरांत पोराला बायको शोधतात ती कोयता पुरा करायला. पोरीच्या आईबापांनाही घोर असतो, सहा महिने परमुलखात जाताना वाढत्या मुलीला कुणाजवळ ठेवायचं? ही काळजी खोटी नाही. तिला हसून चालणार नाही. पण त्या काळजीवर उपाय पंधराव्या वर्षी लग्न हा नव्हे. गावात वसतिगृह, आजी-मावशीचा आधार, शाळेत टिकलेलं नाव, हा आहे.

आपल्या सोलापुरात तर याचा धडा दर संक्रांतीला डोळ्यांसमोर असतो. सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यावर. कथा अशी सांगतात, की एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्न करायची इच्छा बोलून दाखवली. ते पडले योगी. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली. लाखो माणसं त्या अक्षता टाकतात. त्यात मुलीनं स्वतः मागणी घातली आहे आणि कट्ट्याचं नाव आहे ‘संमती’. देवाच्या लग्नात जी गोष्ट आपण एवढ्या भक्तीनं सांभाळतो, ती आपल्या घरच्या मांडवात का विसरावी?

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. वरच्या वर्गात ‘शारदा’तला एखादा प्रवेश मुलांकडून वाचून घ्या. मग फळ्यावर चार रकाने आखा : भुजंगनाथाला काय हवं, कांचनभटाला काय हवं, दीक्षिताला काय हवं, शारदेला काय हवं. पहिले तीन मुलं भराभर भरतील. चौथ्याशी ती अडतील. अडू द्या. पुढचा धडा त्यांचा त्यांना सापडेल. आणि वर्गातली एखादी मुलगी अचानक यायची बंद झाली, तर घरी जाऊन चौकशी करा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन आहे, तोही मुलांना पाठ करून घ्या.

वडीलधाऱ्यांनो, रान विचारा, पाणी विचारा, नोकरी विचारा. त्यात गैर काही नाही. फक्त त्या यादीच्या अगदी वर एक प्रश्न लिहा, आणि तो बैठकीत नव्हे, घरात, चुलीपाशी बसून मुलीला विचारा : “बाळ, तुला काय वाटतं?” विचारलंत, की उत्तर येईपर्यंत थांबा. ती गप्प राहिली, तर तो होकार समजू नका.