भरवसा म्हणजे काय?



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो 'जीवनातील अडथळे आणि ईश्वरावरील श्रद्धा' असा. ख्रिस्ती माणसाने आपल्या दृष्टीने बोलावे, अशीही त्यांनी सवलत दिली. सवलत मोठी आहे, पण विषय अवघड आहे. या विषयावर गोड बोलणे फार सोपे असते आणि ज्याच्यावर प्रसंग गुदरलेला असतो त्याला ते गोड बोलणे ऐकवत नाही. आम्हांला तरी हे अनुभवाने कळले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला, तो आपणांपैकी कोणीही विसरलेला नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची. पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. त्या दिवसांत शहरातल्या एका शाळेत आम्ही काही मंडळी भाकऱ्या वाटीत होतो. तिथे शिरोळ तालुक्यातून आलेली एक वृद्ध बाई भिंतीला टेकून बसली होती. आमच्यापैकी एकाने तिला धीर द्यावा म्हणून म्हटले, "मावशी, देवाने वाचवले तुम्हांला. त्याच्यावर भरवसा ठेवा." बाईने भाकरी खाली ठेवली आणि म्हणाली, "आमास्नी वाचीवलं म्हंतासा, मग दावणीच्या दोन म्हशींनी देवाचं काय वाईट केलं हुतं? आन् भरवसा ठेवायचा म्हंजी नेमकं काय करायचं, ते तरी सांगा."

आम्ही गप्प राहिलो. पहिला प्रश्न तर आम्हांला सुटलेला नाही, आणि आज संध्याकाळी तो सुटेल अशी आशा कोणी बाळगू नये. दुसऱ्या प्रश्नाचे मात्र थोडेफार उत्तर शोधता येईल असे वाटते. त्यासाठी पुस्तकी सिद्धान्तांपेक्षा एका बाईचे आयुष्य उघडून पाहू. ती आपल्याच महाराष्ट्राची: पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान वैष्णव. पत्नीला संस्कृत शिकवले, एवढ्या अपराधाबद्दल त्यांना स्वकीयांपुढे उत्तर द्यावे लागले. पुढे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. जवळचे द्रव्य दानधर्मात, व्रतांत, ब्राह्मणभोजनांत संपले. आणि मग दक्षिणेत दुष्काळ पडला. भांडीकुंडी विकली, तीही संपली. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर या माणसांनी काढले. मजुरी करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज. शास्त्रीबुवांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. तेव्हा मुलगा पुढे झाला आणि म्हणाला की, मी हमाली करीन, पण तुम्ही असे करू नका. पुढे वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण गेली.

या हकीकतीतली एक गोष्ट आम्हांला नेहमी अडवून धरते. मृत्यू जवळ आला असता अनंतशास्त्र्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले आणि तुला मी देवाच्या हाती सोपवले आहे, त्याचीच होऊन राहा, अशा अर्थाचे सांगितले. पुढे ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईंना हे बोलणे विसरता आले नाही. ती प्रार्थना देवाने ऐकली असे त्या मानीत. श्रोत्यांपैकी कोणाला वाटत असेल की ख्रिस्ती वक्ता आता आपल्या धर्माची थोरवी सांगणार. तर त्याने हे लक्षात घ्यावे की, रमाबाईंच्या भरवशाचे पहिले बी एका उपाशी वैष्णवाने पेरले. त्या बीजाला खतपाणी कोणी घातले, याबद्दल आपले मतभेद असोत.

बहीणभाऊ मागे उरले. दोघे हजारो मैल पायी फिरली. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्यावर तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. आता तरी सुख आले म्हणावे, तो १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले. रमाबाईंना तेव्हा चोविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. मांडीवर वर्षाच्या आतली मुलगी, मनोरमा.

ईयोबाच्या ग्रंथात एक मार्मिक गोष्ट आहे. ईयोबाचे सर्वस्व गेल्यावर त्याचे मित्र भेटायला येतात. सात दिवस ते मुकाट्याने त्याच्याजवळ बसतात, आणि आमच्या मते त्यांनी केलेले उत्तम काम तेवढेच. कारण नंतर तोंड उघडतात ते 'तुझे काहीतरी पाप असेल' हे सांगण्यासाठी. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. भांडणाऱ्या, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. जन्मांधाला पाहून शिष्यांनीही प्रभू येशूला हेच विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारली आणि त्याला बरे करण्याकडे वळला. रमाबाईंनाही असे हिशेब मांडणारे भेटले असतील. म्हशींचा हिशेब मांडायला आम्हीही त्या शाळेत जवळजवळ बसलोच होतो.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे की, ख्रिस्ती धर्म मिळाला तेव्हा ख्रिस्त मिळाला नव्हता. तो काही वर्षांनी मिळाला. हा कबुलीजबाब प्रामाणिक आहे. भरवसा हा दाखल्यासारखा एका दिवशी हातात पडत नाही.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढले; पुढे ते पुण्यास गेले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करण्यात येते असा गवगवा झाला, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले, अनेक पालक मुली घेऊन गेले. त्या वादात सगळा दोष एकाच बाजूचा होता असे आम्ही म्हणणार नाही. आईबापांची भीती खोटी नव्हती आणि रमाबाईंची निष्ठाही खोटी नव्हती. आमच्या मंडळीतले लोक हा प्रसंग सांगताना पालकांना खलनायक करतात, ते आम्हांला पटत नाही.

१८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या हाताशी पैसा बेताचा होता, आणि संस्थेला अमेरिकेतून मिळणारी दहा वर्षांच्या बोलीची मदत संपत आली होती. शहाण्या माणसाने अशा वेळी जमाखर्चाची वही उघडली असती. रमाबाईंना आपले अकरा दिवस आठवले आणि त्या निघाल्या. अनाथ मुली, बालविधवा, हाडांचे सापळे झालेल्या बायका त्यांनी शेकड्यांनी आणल्या. तेवढ्यात पुण्याला प्लेग आला, शहरात इतकी माणसे ठेवण्याची सोय राहिली नाही. तेव्हा केडगावच्या मोकळ्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभारल्या. 'मुक्ती' ही अशी अडचणीतून जन्मली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दीड हजारावर गेली.

आता कोणी म्हणेल, ही तर देवाची परीक्षा पाहणे झाले. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने येशूला सुचवले तेव्हा येशूने ते नाकारले. ही शंका रास्त आहे. पण केडगावला काय चालले होते, ते पाहा. विहिरी खणल्या जात होत्या, शेती होत होती, माग चालत होते, तेलाची घाणी होती, छापखाना होता, आणि तिथे काल भीक मागणाऱ्या मुली खिळे जुळवीत होत्या. प्रार्थना पहाटे होई आणि फावडे उजाडल्यावर हाती येई. उडी टाकणारा माणूस विहीर खणत नाही. शिवाय रमाबाई मुकाट्याने सोसणाऱ्या नव्हत्या. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले, आणि तेही ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राज्यकर्त्यांविरुद्ध. देवावर भार टाकणे म्हणजे सरकारला जाब न विचारणे, असा अर्थ त्यांनी केला नाही. पुराच्या वेळी धरणांचे दरवाजे कधी उघडले, हे विचारणाऱ्यांना आमच्यातले काही भाविक 'देवाची इच्छा' म्हणून गप्प बसवतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितले.

आमच्या भागातही असे उदाहरण आहे. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेला रुग्णालय उघडले. त्यांचा प्रार्थनेवर विश्वास होता, तरी शस्त्रक्रियेचा चाकू त्यांनी बाजूला ठेवला नाही.

शेवटची वर्षे रमाबाईंना कानांनी साथ दिली नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत बायबल उतरवण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्यावर संस्था सोपवायची तीच गेली. वाळूच्या खड्ड्यात निजलेल्या मुलीपासून इथवर, या बाईंच्या पदरात देवाने काय टाकले, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्या स्वतः काय म्हणाल्या असतील, ते आम्ही त्यांच्या तोंडी घालणार नाही. एवढे खरे की, मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी थांबवले नाही, आणि ते उरकत आल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. गेथशेमाने बागेत येशूनेही हा प्याला टळो म्हणून विनवले होते, आणि तो टळला नाही. आम्ही ख्रिस्ती लोक वधस्तंभ गळ्यात घालतो, तेव्हा हे विसरतो की, ते ऐकून न घेतल्या गेलेल्या एका विनंतीचे चिन्ह आहे. ज्याने विनंती मानली नाही त्याच बापाच्या हाती येशूने आपला आत्मा सोपवला. भरवसा ठेवणे याहून वेगळे काही असेल तर आम्हांला ते माहीत नाही.

त्या वृद्ध बाईला हे सगळे सांगण्याचा योग आला नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढले तेव्हा ती परत भेटली. या वेळी तिच्या दावणीला एकच म्हैस होती, कर्ज काढून घेतलेली. पाणी गावात शिरण्याच्या दोन दिवस आधीच तिने ती सोडून आणली होती आणि वाटेत थांबून गावदेवाला नारळही फोडला होता. आम्ही देवाचा विषय काढला नाही. तिने आम्हांला एवढेच विचारले की, इथे वैरण कुठे मिळेल?