विद्यार्थिनींची सुरक्षितता आणि आपले वसतिगृह



गुणगौरव आणि शिष्यवृत्त्या हे या व्यासपीठावरील नेहमीचे विषय. आज त्या पंक्तीत न बसणारा विषय आम्ही घेतला आहे, त्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. महाविद्यालयांच्या आवारात मुलींवर होणारे लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी खुद्द विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयत्नांविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्यापैकी एका घरातील मुलीने सहाध्यायाच्या गैरवर्तनाची हकिगत आईला सांगितली. घरच्यांनी आम्हा काही मंडळींचा विचार घेतला. 'वाच्यता करू नका, स्थळे येण्याचे दिवस आहेत' असे आम्ही सांगितले. मुलीचे शिक्षण सुटले; तो मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला. आमचा सल्ला चुकीचा होता.

त्याच सुमारास अन्यत्र मुले-मुली काय करीत होती? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ साली एक समिती स्थापन झाली. तीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी निवडणुकीने येत. तक्रारींच्या चौकशीबरोबरच विद्यार्थ्यांत जाणीव निर्माण करणे हेही तिचे काम होते. २०१७ साली विद्यापीठाने ती मोडून तिच्या जागी दुसरी समिती नेमली, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यास विरोध केला.

त्याच वर्षी सप्टेंबरात काशी हिंदू विद्यापीठात एका विद्यार्थिनीची संध्याकाळी छेड काढली गेली. दाद मागितली असता 'इतक्या उशिरा बाहेर का होतीस?' असे तिलाच विचारण्यात आले, असे विद्यार्थिनींचे म्हणणे होते. शेकडो मुली विद्यापीठाच्या मुख्य दरवाजापाशी येऊन बसल्या. रस्त्यांवर दिवे लावा, पहारेकऱ्यांना जबाबदार धरा, एवढेच त्या मागत होत्या. रात्री त्यांच्यावर लाठ्या चालल्या. विद्येसाठी काशीला पाठवलेल्या मुलींनी दिव्यासाठी लाठी खावी, हे वाचून आम्हांस फार लाज वाटली.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आपल्या घरांत फारसे कोणी वाचलेले नाहीत. प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. प्रकरण विद्यार्थ्यांसंबंधी असेल तर तीत तीन निर्वाचित विद्यार्थी हवेत. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी, कारण सबळ असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढते. नाव गुप्त राखणे संस्थेवर बंधनकारक आहे. 'वाच्यता होईल' हे भय घालताना आम्हांस यातले काही ठाऊक नव्हते.

त्याच नियमांत एक वाक्य असे आहे की, सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहास मुलांहून वेगळे जाचक नियम लावू नयेत. आता आपल्या घरात पाहू. आपल्या मुलींच्या वसतिगृहाचे दार सातला बंद होते, मुलांचे दहाला. मागील बैठकीत एका सभासदांनी पृच्छा केली, 'मग मुली रात्री हिंडणार काय?' महाविद्यालयाचे ग्रंथालय नऊपर्यंत उघडे असते. हिंडणे कसले, अभ्यास तर करू द्या! शिवाय सात वाजून दहा मिनिटांनी परतलेल्या मुलीला वाटेत काही घडले, तर ती प्रथम स्वतःचा उशीर लपवील आणि मग घडलेलेही लपवील.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही ठराव ठेवला आहे: दोन्ही वसतिगृहांची वेळ एक असावी, व्यवस्थापक मंडळात मुलींनी निवडलेल्या दोघी असाव्यात, आणि तक्रार समितीच्या सदस्यांची नावे दोन्हीकडे भिंतीवर लावावीत. मुलांच्या वसतिगृहाच्या भिंतीवर तर ती आधी लागावीत. मतदान पुढील महिन्यात आहे.