फिर्यादीलाही हक्क असतात

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण, थोडे संपादित करून)



मधुमेह झाला, म्युच्युअल फंड झाले, आता तिसरं पुष्प माझ्या वाट्याला आलंय. विषय तुम्हीच ठरवा असं समितीने सांगितलं. फौजदारी कोर्टात वकिली करत असल्यामुळे मी विषय निवडला तो गुन्ह्याचाच, पण दुसऱ्या बाजूने. कुठे काही घडलं की आपण विचारतो, चोर सापडला का, जामीन झाला का, शिक्षा किती लागेल. ज्याच्या बाबतीत घडलं त्या माणसाचं पुढे काय झालं, हे सहसा कोणी विचारत नाही. कायद्यानेही ते बरीच वर्षं विचारलं नव्हतं. फौजदारी खटला म्हणजे सरकार विरुद्ध आरोपी. फिर्यादी त्यात नुसता एक साक्षीदार. २००८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली, ती ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाली, तेव्हा कुठे 'पीडित' या शब्दाची व्याख्या कायद्यात आली. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, तिच्यात हे हक्क आणखी थोडे वाढले आहेत.

आपल्या 'बी' विंगमधल्या एका आजींची पोत मागे भाजी आणताना हिसकावली गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. आजी पडल्या, कोपर सोलवटलं. मुलगा त्यांना घेऊन पोलीस चौकीवर गेला तर तिथे 'पोत गहाळ झाली' असा अर्ज लिहून द्या म्हणाले. विम्याला, कागदाला तेवढं पुरतं, असा वर सल्ला. मी त्या दिवशी घरी होतो म्हणून बरं. गहाळ होणं वेगळं आणि हिसकावणं वेगळं. हिसकावणं हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगून ठेवलंय. नव्या संहितेत तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे खरी. पण चौकशी करतो म्हणणं निराळं आणि 'गहाळ' लिहा म्हणणं निराळं.

'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तरही आता चालत नाही. कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते. ते ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. ईमेलसारख्या मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. नोंदवायला नकारच दिला तर हकिकत लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांना पाठवायची, आणि तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

आजींना जबाबासाठी दोनदा बोलावणं आलं. त्याचीही गंमत आहे. साक्षीदार म्हणून कोणत्याही स्त्रीला, किंवा साठ वर्षांवरच्या पुरुषाला, आजारी किंवा अपंग माणसाला जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं. आजींच्या मुलाने हे अगदी नम्रपणे सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी हवालदार घरी आले, चहा घेऊन जबाब लिहून गेले. भांडावं लागलं नाही.

पोत पुढे सापडली. आता सापडलेला दागिना म्हणजे मुद्देमाल, आणि मुद्देमाल खटला संपेपर्यंत ठाण्याच्या कपाटातच राहणार अशी आपली समजूत. तसं नाही. कोर्टात अर्ज करायचा, पंचनामा आणि फोटो होतात, हमीपत्र लिहून द्यायचं आणि वस्तू ताब्यात घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्ये हीच पद्धत सांगितली. पोत खटल्याचा निकाल लागेपर्यंत विकायची किंवा मोडायची नाही, एवढंच. आजी ती आता गळ्यात घालत नाहीत, डब्यात ठेवतात. तो त्यांचा प्रश्न.

याच प्रकरणात समितीशी संबंधित एक गोष्ट निघाली. गेटवरच्या कॅमेऱ्यात मोटरसायकल दिसली होती. आपल्या डीव्हीआरमध्ये काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं. म्हणून घटना कळल्याबरोबर तेवढा भाग वेगळा काढून ठेवायला हवा; पोलिसांचं पत्र येईपर्यंत थांबलात तर संपलं. आणि नुसता पेनड्राइव्ह देऊन भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याच्या ठरलेल्या नमुन्यातला पहिला भाग आपल्याकडून भरून द्यावा लागतो, दुसरा तज्ज्ञ भरतो. 'सोसायटीचं नाव कशाला कोर्टात' म्हणून सेक्रेटरी सही टाळतात असा माझा इतर इमारतींमधला अनुभव आहे. आपल्या सेक्रेटरींनी केली, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

आता मला ज्यासाठी खरं बोलायचंय ते. शेजारच्या एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन चोरांच्या मारहाणीत जबर जखमी झाला. डोक्याला मार, महिनाभर हॉस्पिटल, नंतर उजवा हात नीट चालेना. चोर सापडले नाहीत. एजन्सीने दुसरा माणूस उभा केला. तिथल्या सभेत पाऊण तास चर्चा झाली ती कंपाउंडवर तारा किती फूट लावायच्या याची. त्याची बायको आपल्या 'ए' विंगमध्ये पोळ्या करते, तिच्याकडून मला हे कळलं. आरोपीच नाही तर केस कसली, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं.

आरोपी सापडला नाही तरी नुकसानभरपाई मागता येते. संहितेच्या कलम ३९६ मध्ये तशी तरतूदच आहे. गुन्हेगाराचा शोध लागला नसेल पण पीडित कोण हे माहीत असेल, तर पीडिताने किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. सोनसाखळीची किंमत यातून मिळत नाही. ज्यांना पुनर्वसनाची गरज आहे त्यांच्यासाठी ही तरतूद आहे. त्या बाईंचा अर्ज आम्ही केला. एफआयआरची प्रत, हॉस्पिटलची कागदं, आधार, बँकेचं पासबुक. दोन महिन्यांत काही झालं नाही, पाचसहा खेपा झाल्या, पण रक्कम खात्यात आली. ती पुरेशी होती असं मी म्हणणार नाही. वकिलाची फी मात्र लागली नसती, मी नसतो तरीही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा देशभराचा क्रमांक.

बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. अशा पीडितांवर कुठल्याही हॉस्पिटलने, खासगी असलं तरी, ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे असतात. नाकारले तर तो हॉस्पिटल चालवणाऱ्याचा गुन्हा. आणि मुलांच्या बाबतीत सोसायटीत 'आपसात मिटवू' असं कोणी म्हणू लागलं, तर त्याला सांगा, पोक्सो कायद्याखाली माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. चाइल्डलाइन १०९८.

भिंतीपलीकडून येणारा आवाज हा आपल्यासारख्या इमारतींतला जुना विषय. 'त्यांचं घरातलं आहे' म्हणून आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय की कोणीही, म्हणजे शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं असेल तर त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. १८१ वर फोन केला तरी चालतो. त्या क्षणी मारहाण चालू असेल तर सरळ ११२.

ऑनलाइन पैसे गेले तर १९३० वर फोन, आणि तोही मुलगा ऑफिसमधून येईपर्यंत न थांबता. पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवता येतात. बँकेलाही लगेच लेखी कळवा.

कोर्टाचं थोडक्यात. खटल्यात सरकारी वकिलाला मदत करायला पीडित स्वतःचा वकील देऊ शकतो, कोर्टाच्या परवानगीने. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा भरपाई तुटपुंजी ठरवली, तर पीडिताला स्वतः अपील करता येतं. सरकारची वाट बघायची गरज नाही.

भाषणानंतर 'सी' विंगमधल्या एका काकांनी विचारलं, "सगळं खरं, पण साक्षीला गेलो तर दिवस मोडतो, त्याचं काय?" साक्षीदाराला वाजवी खर्च द्यावा असा आदेश कोर्ट देऊ शकतं. मात्र आपण होऊन कोणी देत नाही. साक्ष झाल्यावर पिंजऱ्यातून उतरायच्या आधी मागायचा. रिक्षाचं भाडं सुटेल. काकांनी वहीत लिहून घेतलं.