नाताळ : निरोप नव्हे, येणे
(मंडळाच्या डिसेंबरच्या बैठकीतील भाषण)



नाताळात आमच्या घरच्या करंज्या हिंगण्यात तुम्हां सर्वांकडे जातात, दिवाळीत तुमचा फराळ आमच्याकडे येतो. परंतु या सणाचा अर्थ काय, हे मला मंडळात यंदाच विचारले गेले. मी काही पंडिता नव्हे; समजले तेवढे सांगते.

२५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात नाही. ती चर्चने चौथ्या शतकात रूढ केली. शुभवर्तमानात आहे ती बेथलेहेमची हकीकत : शिरगणतीसाठी परगावी आलेले जोडपे, उतरायला जागा नाही, बाळ गव्हाणीत निजवलेले, आणि पहिली वर्दी रानातल्या मेंढपाळांना. जिने गोठा झाडला आहे तिला गव्हाण काय ते सांगायला नको.

पण देवाने यावेच कशाला? लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी अंथरुणाला खिळले होते. माहेरी पत्र गेले. उलट पत्र आलेच नाही. वेणेचा पूर ओसरताच चिखल तुडवीत वडीलच दारात उभे राहिले. औषध त्यांच्यापाशी नव्हते. उशाशी बसले, एवढेच. देवानेही संदेष्ट्यांच्या तोंडून पुष्कळ निरोप धाडले, शेवटी तो स्वतः आला. इम्मानुएल या नावाचा अर्थच ‘आम्हांबरोबर देव’.

आपल्याच तालुक्यातील टाकळघाटहून परतताना १८६३ साली रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. १८४५ साली ते स्कॉटलंडहून नागपुरास आले होते. इथे शाळा चालवली, गोंडांची गाणी टिपून घेतली. त्यांनाही घरी बसून नुसती पुस्तके धाडता आली असती.

आमच्या शेजारच्या काकूंनी मला विचारले, “पाप माफ करायला क्रुसावर मरावे कशाला लागते? देवाने एका शब्दात माफ करावे!” प्रश्न रास्त आहे. मला उत्तर सापडले ते घरात. माझ्यात आणि जाऊबाईंत तीन वर्षे अबोला होता. (त्यांना विचारूनच सांगते.) वाटणीत माझ्या आईच्या पाटल्या त्यांच्याकडे गेल्या. चूक त्यांची, असे मी आजही म्हणते. “माफ केले” असे मनाशी शंभरदा म्हटले. त्याने काही झाले नाही. गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्या दाराशी उभी राहिले तेव्हा उमजले : माफी म्हणजे पाटल्या गेल्या, हे नुकसान आता माझे. चूक एकीची, आणि सोसायचे दुसरीने. क्रुसाविषयी आम्ही ख्रिस्ती हेच मानतो. दोष आमचा, सोसले त्याने. आणि सोसण्यासाठीच तो गव्हाणीत आला. चांदण्या टांगण्याच्या धांदलीत हे आम्हीही विसरतो.

जाऊबाईंनी दार उघडले, बोलल्या मात्र नाहीत. पाटाकडे बोट केले. मी बसले. चहा झाला.

यंदा करंज्या लाटायला त्या पहाटेच येणार आहेत. सारणात साखर बेताची घाला, असा निरोप कालच आला आहे.