ओढ्याकाठचा वाळुंज



वाळुंज हे आडनाव महाराष्ट्रात परिचयाचे आहे. त्या नावाचे झाड दाखवा म्हटले, तर शहरातले फार थोडे पुढे येतील. काश्मिरी विलोच्या बॅटी मुलांनाही ठाऊक असतात. त्या विलोचाच हा भाऊबंद, आणि आपल्या सह्याद्रीतील ओढ्या-नद्यांच्या काठचा मूळ रहिवासी.

रघुवंशाच्या चौथ्या सर्गात, रघूपुढे नमून वाचलेल्या सुह्मदेशीयांना कालिदासाने वेतसाची उपमा दिली आहे. तो वेतस म्हणजे वेत की वाळुंज, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. पुराच्या लोंढ्यात वाळुंजाच्या फांद्या लवतात आणि तंतुमय मुळांचे जाळे काठची माती धरून ठेवते. काँक्रीटची भिंत लवत नाही. पायाखालची माती खरवडली गेली की ती कोसळते. तरीही ओढ्याचे सुशोभीकरण म्हणजे आधी काठची झुडपे तोडणे, अशी रीत पडली आहे!

वाळुंजाचे बी कापसासारख्या तंतूंवर उडते, पण थोड्याच दिवसांत निर्जीव होते. म्हणून फांदीच लावावी. पावसाळ्याअखेरीस झाड पाने गाळते. पूर ओसरलेला, काठ अजून ओला, अशा वेळी अंगठ्याएवढ्या जाड, दीड-दोन हात लांब फांद्या तोडून त्याच दिवशी निम्म्याहून अधिक चिखलात रोवाव्यात. शेंडा वर आहे ना, हे पाहावे. घाईत फांद्या उलट्या रोवल्या जातात. पहिल्या उन्हाळ्यात ओल तुटू देऊ नये, गुरांपासून जपावे. वाढू दिले तर मध्यम वृक्ष होतो, दोन-तीन वर्षांनी बुंध्याजवळ छाटत राहिले तर दाट झुडूप. खडकाळ पात्रातले काम मात्र शेरणीवर सोपवावे.

एक चूक हमखास होते. वाळुंजाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एकाच झाडाच्या शंभर फांद्या लावल्या, तर शंभर झाडे एकाच लिंगाची होतात. ती जगतात, वाढतात. पण सारी नर असली तर बी धरणार नाही, आणि सारी मादी असली तर जवळपास नर हवा. पाने गळल्यावर नव्या पालवीसोबत तुरे येतात. नराचे पिवळसर नि सुवासिक, मादीचे हिरवट. मादीच्या तुऱ्यांतूनच पुढे कापूस उडतो. यंदा त्याच खोऱ्यातील पाच-सहा झाडे हेरून दोन रंगांच्या चिंध्या बांधाव्यात, आणि फांद्या पुढच्या वर्षी काढाव्यात.