कायदा व्यवस्थापकाच्या टेबलावर





कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिलाला वकिली थांबवावी लागते. बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. मीही सनद स्थगित केली आणि ठाण्यातल्या एका कंपनीच्या कायदा विभागात रुजू झालो. न्यायालयातल्या मित्रांना वाईट वाटलं. मला मात्र इथे तंटा जन्माला येतो ती जागा दिसली. तो खरेदी विभागात जन्मतो, डिस्पॅचच्या चलनावर जन्मतो, घाईत पाठवलेल्या ई-मेलमध्ये जन्मतो. त्या वेळी तिथे वकील नसतो, व्यवस्थापक असतो. आमच्याकडे फाइल येते ती समोरच्याची नोटीस आल्यावर.

मोठ्या कंपनीचा परचेस मॅनेजर डोंबिवलीच्या एखाद्या गाळेवाल्याला ऑर्डर देतो. छापील अटींत ‘पेमेंट 90 दिवसांनी’ असं असतं, कारण वर्षानुवर्षं तेच चालत आलंय. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलं तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागतं. 2023 च्या वित्त कायद्याने तर अशी थकबाकी प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरणंही बंद केलं. कंपनीचे पैसे वाचवतोय असं समजणारा मॅनेजर तिचा खर्चच वाढवत असतो. गाळेवाल्याला 2006 च्याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, पण पुढची ऑर्डर जाईल म्हणून तो जात नाही. त्याची ही भीती खरी आहे. म्हणूनच हा कायदा आधी पैसे देणाऱ्याला माहीत हवा.

पैशाचं एक वेळ निस्तरता येतं, गेलेला जीव परत आणता येत नाही. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या तारखा डोंबिवलीकर विसरणार नाहीत. दोन्ही स्फोट एमआयडीसीच्या फेज टूमधल्या रासायनिक कारखान्यांत झाले. माणसं गेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. त्यात दोष कुणाचा, हे ठरवण्याची ही जागा नाही. पण भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कारखाना अधिनियमात जी कलमं आली, ती आपल्यापैकी किती प्लँट मॅनेजरांनी वाचली आहेत? धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपास राहणाऱ्यांनाही देणं हे भोगवटादाराचं कर्तव्य आहे. कंपनीच्या बाबतीत भोगवटादार म्हणजे संचालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केलं आहे. कामगाराने तातडीचा धोका लक्षात आणून दिला, तर एकतर लगेच उपाय करायचा, नाहीतर प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचं. दुर्लक्ष करण्याची मुभाच नाही. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही माहिती देण्याचं कर्तव्य कायम ठेवलं आहे. ऑपरेटरला ‘तू तुझं मशीन बघ’ म्हणून परत पाठवणारा सुपरवायझर दुष्ट नसतो. त्याला हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

आणि सांगतो तेव्हा आपण कसं सांगतो? 2010 मध्ये ठाण्याने आणि 2017 मध्ये डोंबिवलीने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं. अशा वाचणाऱ्या गावांतल्या माणसाच्या हाती आपण इंग्रजीतलं जाडजूड कंप्लायन्स मॅन्युअल देतो आणि ‘वाचलं, समजलं’ अशी सही घेतो. ती सही आमची फाइल पूर्ण करते. त्याच्या पदरात काही पडत नाही. याची जबाबदारी आम्हा कायदा विभागांची आहे.

म्हणून वकील सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. आपल्या कंपनीतला एक विभाग निवडा. त्याच्या रोजच्या कामात येणाऱ्या कायद्यांवर दोन पानांचं मराठी टिपण लिहा आणि ते घेऊन स्वतः शॉप फ्लोअरवर जा. व्यवस्थापक मित्रांनो, त्यांना तासभर वेळ द्या, हवे ते प्रश्न विचारा आणि ऑर्डरवर सही करण्याआधी त्यांना एक फोन करा. पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येकाने आपलं टिपण आणावं. ती सगळी एकत्र करून ठाण्याच्या वागळे इस्टेट आणि डोंबिवलीतल्या प्रत्येक गाळ्यापर्यंत विनामूल्य पोहोचवू या.