संकलन शिकणाऱ्याने लॅपटॉप कोणता घ्यावा?



आजचा विषय थेट बाजारातला आहे. बारावी झालेली मुलगी म्हणते, मला व्हिडिओचे संकलन शिकायचे आहे, लॅपटॉप घेऊन द्या. वडील उसाच्या बिलाकडे पाहतात, आई भिशीकडे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्यापुढे दुकानच नव्हते. आपल्यापुढे दुकानांचीच अडचण आहे.

दुकानदार प्रथम विचारतो, "बजेट किती?" आम्ही म्हणतो, प्रथम हे पाहावे की चित्रण कशावर होणार. सारे ओझे तेथून येते. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण साठवीत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मधल्या चित्रांत काय बदलले त्याची टिपणे, असा त्याचा कारभार असतो. फाइल लहान होते खरी. परंतु संकलकाने मध्येच कात्री लावली की त्या टिपणांवरून चित्र पुन्हा उभे करावे लागते. एच.२६५ पद्धतीत हे काम अधिकच किचकट. म्हणून सिनेमा सुरळीत दाखविणारा लॅपटॉप संकलनात धापा टाकतो.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. मूळ फाइलींच्या हलक्या प्रती करावयाच्या, त्यांवर कापाकापी करावयाची आणि शेवटी मूळ फाइली जोडावयाच्या. यास प्रॉक्सी म्हणतात. डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे. ती पहिल्या आठवड्यात शिकावी. मग लाखाच्या यंत्राची निकड राहत नाही.

रॅम मात्र १६ जीबी असावी. निदान पुढे वाढविता येईल का, हे विचारावे. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत ती पक्की बसविलेली असते. एसएसडी ५१२ जीबीची. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड पहिल्या वर्षी नसले तरी चालेल, असे आमचे मत. पडद्याकडे कोणी पाहत नाही, तो पाहावा. स्वस्त पडद्यावर रंग फिके दिसतात. हळदीच्या समारंभातली हळदच फिकी दिसू लागली तर मुलगी रंग दुरुस्त करण्याच्या नादात तो बिघडवून बसेल.

आता एका खर्चाविषयी थोडे अधिक बोलतो. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने केलेले चित्रण मिनिटाला ७५० एमबी भरते. तासाला ४५ जीबी. एका लग्नाचे चार तास म्हणजे १८० जीबी! लॅपटॉप दोन लग्नांत भरतो, आणि मग जुने पुसण्याचा मोह होतो.

येथे माहुलीला वेण्णेस भेटून कृष्णा आमच्या सांगलीस येते. ऑगस्ट २०१९ मध्ये ती शहरात शिरली. आमच्या परिचयाच्या एका छायाचित्रकाराच्या तळमजल्यावरील दुकानात लॅपटॉप होता आणि त्याशेजारीच, त्याच टेबलावर, बाहेरची डिस्कही होती. यंत्र त्याने पुढे दुसरे घेतले. ज्यांची लग्ने त्या डिस्कवर होती त्यांना काय सांगावे, हे त्याला सुचेना. त्यांतल्या एका घरची आजी नंतर वारली होती, आणि ती बोलताना दिसेल असे चित्रण तेवढेच होते.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वीच एक-एक टीबीच्या दोन डिस्कांचे पैसे बाजूला काढावे. त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी घ्यावा. एक डिस्क घरी ठेवावी आणि दुसरी मामाकडे, वरच्या मजल्यावर.